बंद दाराबाहेरचा माणूस

आमच्या चोपड्यात रेल्वे नाही. गाडी धरायला तापी ओलांडून अमळनेर वा धरणगाव गाठावे लागते. म्हणून मुंबईच्या लोकलविषयीच्या तक्रारी मी दुरूनच वाचत आलो. २५ डिसेंबर २०१७ रोजी आपोआप मिटणाऱ्या दारांची वातानुकूलित लोकल सुरू झाली. पडून मरणे टळेल अशी ही रचना. तरीही ऑगस्ट २०२२मध्ये कळवा-बदलापूरचे प्रवासी तिच्याविरुद्ध उभे राहिले. साध्या गाड्यांच्या जागी या महागड्या फेऱ्या आल्या होत्या. मध्य रेल्वेला दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. जून २०२५च्या मुंब्रा दुर्घटनेनंतर साध्या लोकललाही दारे लावायचे ठरले, तेव्हा लोकांनी आधी विचारले ते हवेबद्दल. यात मला अडाणीपणा दिसत नाही. उघडे दार जीव घेते हे लोंबकळणाऱ्यालाच अधिक ठाऊक असते. पण फलाटावर राहिलेल्याचा रोजगार बुडतो. डब्याच्या आराखड्यात त्या राहिलेल्या माणसाला जागा कुठे आहे?