भिऱ्याचा पारा आणि पानाचा शेंडा

28 मार्च 2017 ला रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याचा पारा 46.5 अंशांवर गेला. पुढे काही दिवसांनी रोह्याजवळच्या एका बांधावर एका काकांनी मला विचारलं, "साहेब, एवढ्या उन्हात खोडकिडा तरी मेला असेल ना?"

प्रश्न भाबडा नव्हता. भातावरच्या पिवळ्या खोडकिड्याची मादी सगळ्यांत जास्त अंडी घालते ती 29 अंशांच्या आसपास, दमट हवेत. अंडी उबायला 24 ते 29 अंश मानवतात. 13 अंशांखाली आतली वाढच होत नाही. उलट पारा 35 वर गेला, की अंड्यात अळी पुरती तयार होते, पण बहुतेक अळ्या कवचातच मरतात. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांखाली उतरली तरी उबवण कोसळते. या हिशेबाने भिऱ्याच्या पाऱ्यात किड्याचा निकाल लागायला हवा होता.

पण पेपरात छापतात तो दुपारचा आकडा, आणि मादी दुपारी बाहेर पडतच नाही. दिवेलागण होऊन गेली, की ती भाताच्या पानाच्या शेंड्याकडे बसते. वाळल्या गवताच्या रंगाचे पुढचे पंख, दोन्हींवर एकेक काळा ठिपका. अंड्यांचा पुंजका घालते आणि शेपटाकडचे पिंगट केस त्यावर चिकटवते. आपल्याला दिसतो तो फक्त मळक्या लोकरीचा ठिपका. साधारण एका रात्री एक पुंजका, असं चार-पाच रात्री चालतं. त्या केसांखाली पन्नास-ऐंशी अंडी असतात.

शिवाय काकांच्या खाचरात पाणी होतं. डोलवहाळ बंधाऱ्यावरून काळ प्रकल्पाच्या कालव्याने येणारं, वीज करून झालेलं भिऱ्याचंच पाणी! बांधावर तळपाय भाजत होते आणि पिकात हात घातला की गारवा लागत होता. अंड्याला हवामान भेटतं ते हे, वेधशाळेच्या पेटीतलं नव्हे. उष्णतेने काही पुंजके वाया जातातच, पण तेवढ्यावर विसंबून स्वस्थ बसणं मला पटत नाही.

पेणच्या खारपट्ट्यात गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक एकच पीक, पावसाचं. कापणीनंतर अळी धसकटाच्या बुडात उतरते आणि पावसाची वाट पाहत पडून राहते. तिच्यावर उपाय नांगराचा. रोह्याकडे मात्र उन्हाळी भात तिला मधल्या महिन्यांतही घर देतं.

काकांचं भात तेव्हा पोटरीत होतं. आता अळी शिरली तर लोंबी पांढरी, पोकळ. पळींज! मी एक शेंडा खुडून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी नखाने केस बाजूला केले, खालची अंडी काळपट पडली होती, म्हणजे फुटायला आली होती.

"मेली नाय ओ," ते म्हणाले, आणि धोतर खोचून पाण्यात उतरले, पुढचे शेंडे शोधायला.