हललेले फोटो

पारा चिमटीत धरणे आणि तीन वर्षांच्या मुलाचा फोटो काढणे, दोन्ही कामे सारखीच! आमच्या सौंसरला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी याचा प्रत्यय कोणालाही यावा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार चाललेली असते, तेव्हा इकडे चिमुकली मंडळी चाकांचे लाकडी बैल ओढीत बोजारा मागत घरोघर हिंडतात. नवे कपडे, कपाळी टिळा, बैलाच्या गळ्यात माळ! पण वेळ सायंकाळची, आभाळ भाद्रपदातले. उजेड कमी आणि मूर्ती एक क्षण उभी राहील तर शपथ.

या मंडळींत माझा भाचाही असतो. त्याचे वडील नोकरीनिमित्त दूर. पोळ्याला त्यांना रजा मिळत नाही. फोटो पाठविण्याचे काम मामाकडे! त्यापायी थोडा हिशेब शिकलो. धावते मूल सेकंदाला 3 मीटर जाते असे धरा. शटर 1/30 सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात ते 10 सेंटिमीटर सरकते आणि चेहरा पुसला जातो. 1/500 ठेवले तर सरकणे अवघे 6 मिलिमीटर. मात्र उजेडही सोळावा हिस्साच आत येतो. मग भिंगाचे तोंड मोठे करावे, तर स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो. म्हणून मुलाच्या उंचीइतके खाली बसावे, ज्या उंबरठ्यावर ते येणार तिथे आधीच फोकस करावा आणि वाट पाहावी. आडव्या धावणाऱ्यापेक्षा समोरून येणारे मूल कमी हलते. शिवाय हातावर नाणे पडले की ते पाहायला स्वारी आपणहून क्षणभर थांबते. तोच आपला मुहूर्त!

एकोणिसाव्या शतकात फोटोला कित्येक सेकंद लागत. तेव्हा विलायतेत आईला कापडाखाली झाकून बसवीत आणि तिच्या मांडीवर मूल घट्ट धरून ठेवीत. आमच्या घरी आजोबांचा लहानपणचा एकच फोटो आहे. स्टुलावर ताठ, डोळे वटारलेले. आजी म्हणते, ते भारी खोडकर होते. फोटोत मात्र त्याचा मागमूस नाही.

मित्रहो, “नीट उभा राहा” म्हटले की फोटो स्पष्ट येतो, पण मूल हरवते. भाऊजींना पाठविलेल्या फोटोंपैकी त्यांनी एकच जपून ठेवला आहे. त्यात चेहरा स्वच्छ आहे, पाय मात्र हललेले. कारण धावताना पाय अंगापेक्षा वेगाने फिरतात. “हा पळतो कसा, ते यात कळतं,” एवढेच ते म्हणाले.

लाकडी बैल पुढच्या पोळ्यालाही तेवढाच असेल. ओढणारा मात्र वाढलेला असेल, आणि त्याचे यंदाचे धावणे त्याच्या बापाने पाहिलेले नसेल. ते टिपायला एक पंचशतांश सेकंद पुरतो.