आत्याचा आठवडा

सत्तर-ऐंशीच्या दशकांत आमच्या घरातून शाळेत गेलेली चुलत-आते भावंडं आता मुंबई, पुणे, कुडाळ अशी पांगली आहेत. पण चतुर्थीला कुणकेश्वरच्या घरी पडवीत एकत्र बसलो की बोलणं हटकून आत्याच्या लायब्ररीवर येतं. आत्या पंचक्रोशीतल्या एका हायस्कुलात अर्धवेळ ग्रंथपाल होती. पुस्तकं शाळेची, पण त्यांची उस्तवार आमच्या घरापर्यंत पोचलेली. त्यामुळे तिचा आठवडा आम्हा सगळ्यांचाच होऊन गेला होता.

सोमवारी देवघेव. प्रत्येक वर्गाला आठवड्यात एक तास लायब्ररीचा. मुलं दारात रांगेत उभी राहिली की पहिलं वाक्य ठरलेलं : "आधी हात धुवन ये, झिला, मगे पुस्तकाक हात लाव." मग कपाटांची कुलपं उघडायची आणि कापूर, जुना कागद, डांबराच्या गोळ्या यांचा मिळून एक वास बाहेर यायचा. तिच्या दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असे आणि पाठीवर दशांश वर्गीकरणाची चिठ्ठी. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि ३९८ म्हणजे लोककथा, हे आमच्यातल्या कुणालाही आजही झोपेतून उठवून विचारा.

पण आकड्यांपेक्षा तिला मुलं जास्त पाठ होती. रापणीवर पहाटे जाळं ओढून आलेला एक मुलगा वर्गात पेंगायचा. पाठ्यपुस्तकाकडे तो ढुंकून बघत नसे. आत्याने त्याला भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची सागरकथा दिली. पुढच्या सोमवारी तो रांगेत पहिला होता. "बाई, माका असलाच आणखी एक पुस्तक होया." समुद्र त्याला रोजचाच होता, पण तो पुस्तकातही असतो हे त्याला तेव्हा कळलं. त्यानंतर फास्टर फेणेची पुस्तकं त्याने ओळीने संपवली. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हे त्यांतलं एक. आत्या ते कधी बोलून दाखवत नसे, पण वागत त्याप्रमाणेच असे.

आठवड्याच्या मध्यावर फाटकी पुस्तकं पिशवीतून घरी यायची. आजी चुलीवर मैद्याची खळ शिजवायची आणि कसर लागू नये म्हणून आत्या त्यात मोरचूद घालायची. मोरचूद विषारी, म्हणून ते भांडं वेगळं आणि त्याला आम्ही शिवायचं नाही. थोरल्या चुलतभावाकडे दाभण, आम्हा धाकट्यांकडे खाकी कागदाची कव्हरं. 'किशोर'चे वर्षभराचे अंक एकत्र शिवून जाड खंड व्हायचा. पाऊस थांबल्यावर खरं काम. खाऱ्या दमट हवेने लोखंडी कपाटं गंजायची, पानं एकमेकांना चिकटायची, बुरशी धरायची. दसऱ्याच्या सुमाराला सगळी पुस्तकं व्हरांड्यात उभी करून वारं द्यायचं, तेही सावलीत. थेट उन्हाने कागद पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, हे आम्ही तिच्याकडून शिकलो.

शुक्रवारी फळा. ६ जानेवारीच्या आसपास त्यावर बाळशास्त्री जांभेकर असायचेच. 'दर्पण' १८३२ साली सुरू करणारे बाळशास्त्री आपल्याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, हे ती ठसठशीत अक्षरांत लिहायची. विंदा करंदीकरही याच तालुक्यातल्या धालवलीचे. त्यांचा 'एटू लोकांचा देश' पाचवीच्या मुलांच्या हाती देताना ती हे आवर्जून सांगायची. पुस्तकं लिहिणारी माणसं पुण्या-मुंबईतच जन्मतात असा आमचा समज होता. तो त्या फळ्याने पुसला.

शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर आत्या आलेली-गेलेली पुस्तकं ताडून बघायची. महाशिवरात्रीच्या जत्रेनंतरच्या शनिवारी पुस्तकं उशिरा यायची, आंब्याच्या दिवसांत त्याहून उशिरा; घरोघरी पेट्या भरायला मुलांचे हात लागायचे. ती दंड लावत नसे. रविवारी देवळाकडून परतताना त्या घरी डोकवायची, चहा घ्यायची आणि पुस्तकाबरोबर मुलाच्या आईसाठीही एखादं वाचायचं ठरवून यायची. 'श्यामची आई' अशीच कितीतरी स्वयंपाकघरांत फिरून आली. परत येताना तिच्यावर हळदीचे डाग असायचे. ते पुसायचा प्रयत्न आत्याने कधी केला नाही.

आम्हा भावंडांत कुणी शिक्षक झालं, कुणी बागायत सांभाळतं, कुणी बँकेत आहे. वाचायची सवय मात्र सगळ्यांना आहे आणि ती त्या अर्धवेळ नोकरीने लावली. आज कितीतरी लहान शाळांत ग्रंथपाल नाही. पुस्तकं असतात, पण कुलपाची किल्ली कुठल्या खणात आहे हे सांगायला माणूस नसतो. मुलांना वाचन आवडत नाही, असं म्हणण्याआधी हे पाहिलं पाहिजे. म्हणून एवढीच विनंती : या चतुर्थीला गावी जाल तेव्हा आपल्या शाळेत जाऊन पुस्तकांचं कपाट उघडायला सांगा. आत धूळ असेल तर दोन दिवस तिथे द्या आणि आठवड्यातला एक तास मुलांना मिळेल असं मुख्याध्यापकांशी बोलून ठरवूनच परत फिरा.