संशय आणि पुरावा

आमच्या घरात रहस्यकथा दोन लिप्यांतून आली. अब्बा उर्दू वाचत. इलाहाबादहून १९५२ साली सुरू झालेल्या ‘जासूसी दुनिया’चे जुने अंक त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. इब्ने सफींचे फरीदी आणि हमीद यांची नावे आमच्या दस्तरखानावर नात्यातल्या माणसांसारखी निघत. शेजारचे गुरुजी बाबूराव अर्नाळकरांचे चाहते. त्यांच्याकडे झुंजार आणि काळापहाड. मगरीबनंतर दोघे ओट्यावर बसून एकमेकांना गोष्टी सांगत. शेवट मात्र दुसऱ्याने ओळखायचा, असा करार होता. मी पुढे उर्दू आणि मराठी शिकवू लागले, त्याची सुरुवात त्या ओट्यावरच झाली असावी.

म्हणूनच गावातल्या वाचनालयात रहस्यकथा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा गट निघाला, तेव्हा मी लगेच नाव दिले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही पंधरा-वीस जण जमतो. लिहिणाऱ्यांच्या हातून ढोबळ चुका होऊ नयेत म्हणून अधूनमधून एखाद्या जाणकाराला बोलावतो. एकदा डॉक्टर शवविच्छेदनावर बोलले. एकदा एका वकीलबाईंनी पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यांतला फरक समजावला, तेव्हा आमच्यातल्या एका लेखकाने कादंबरीची दोन प्रकरणे बाद केली. त्याला वाईट वाटले, पण कादंबरी सुधारली.

गेल्या हिवाळ्यात पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक ठसेतज्ज्ञ आले. आल्या आल्या त्यांनी चहाचा रिकामा ग्लास उजेडात धरला, ब्रशने त्यावर काळी भुकटी फिरवली आणि आमच्या सचिवांच्या अंगठ्याचा ठसा काढून दाखवला. सगळे टाळ्या वाजवणार, इतक्यात ते म्हणाले, “हा ग्लास मी मुद्दाम पुसून त्यांच्या हाती दिला होता. खऱ्या घटनास्थळी बहुतेक ठसे अर्धवट आणि फिसकटलेले मिळतात.”

मग त्यांनी काझी अझीझुल हक यांची हकीकत सांगितली. बंगालच्या पोलिसांत नोकरी करणारा हा गणिती तरुण. ठसे जमा करणे सोपे होते. हजारो कागदांतून हवा तो शोधायचा कसा, हा प्रश्न होता. हक यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या, चक्राकार ठसा असलेल्या बोटांना जोडीनुसार १६, ८, ४, २, १ असे अंक दिले आणि त्यांच्या बेरजांवरून साऱ्या ठशांची १,०२४ गटांत विभागणी केली. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचाही या कामात मोठा वाटा होता. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले, १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत उचलली, आणि जगाने तिला नाव दिले ते त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे. आमच्यापैकी कोणालाच हे ठाऊक नव्हते. अब्बा असते तर त्यांनी दोनदा सांगायला लावले असते.

पण माझ्या मनात रुतून बसली ती पुढची गोष्ट. जलपायगुडीच्या एका चहाच्या मळ्यावरच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तिजोरी फोडलेली, आणि कागदपत्रांत एक बंगाली पंचांग. त्यावर रक्ताचा पुसट ठसा. तो जुळला कंगाली चरण नावाच्या माजी नोकराच्या उजव्या अंगठ्याशी. त्याच व्यवस्थापकाच्या तक्रारीवरून हा माणूस पूर्वी तुरुंगात जाऊन आला होता. राग होता, कारण होते, ठसाही होता. कथा लिहिणारा आणखी काय मागेल? पण १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली आणि खुनाच्या आरोपातून सोडले. खून करताना त्याला कोणी पाहिले नव्हते.

“ठसा एवढेच सांगतो,” पाहुणे म्हणाले, “की या बोटाने या वस्तूला हात लावला. कधी लावला, का लावला, हे तो सांगत नाही. ते आपण आपल्या मनाने भरतो. चूक होते ती तिथेच.”

मी वहीत हे लिहून घेतले आणि पेन तिथेच थांबले.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गाचे सहलीचे बाराशे रुपये सापडेनात. मधल्या सुट्टीत एक मुलगा माझ्या टेबलाजवळ दिसला होता. फी थकलेली, वडील घरी नसत, शर्टाची बटणे तुटलेली. मी त्याला पुढे बोलावले आणि चाळीस मुलांसमोर दप्तर उपडे करायला लावले. काही मिळाले नाही. तरी माझी खात्री हलली नाही. तिसऱ्या दिवशी हजेरीपटाच्या खाकी कव्हरमध्ये पैसे सापडले. मीच ठेवले होते. वर्गात मी फक्त “पैसे सापडले” एवढेच म्हणाले. कुठे सापडले, ते सांगितले नाही.

नाव किंवा वस्ती ऐकून समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्या घरांना कोणी समजावून सांगायला नको. भाड्याचे घर शोधताना, प्रवासात, आपण ते सोसतो आणि घरी येऊन हळहळतो. पण माझ्या वर्गात संशय घेणारी मी होते, आणि माझ्याकडे त्या पुसट ठशाएवढाही पुरावा नव्हता. होती ती फक्त बदगुमानी.

तो मुलगा आता बसस्टँडमागे मोटारसायकली दुरुस्त करतो. पुढच्या शुक्रवारी मी गेले. हात पुसत तो उठला, सलाम केला, स्टूल पुढे सरकवले. मी पैसे कुठे सापडले ते सांगितले आणि माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला.

“मॅडम, पैशांचं काही नाही,” तो म्हणाला. “त्या दिवशी दप्तरात अम्मीनं दिलेली भाकरी होती. सगळ्यांसमोर खाली पडली. नंतर मी शाळेत डबा नेलाच नाही.”

त्याने चहा मागवला. आम्ही प्यायलो. त्याने मला माफ केले की नाही, हे मी विचारले नाही. विचारण्याचा हक्क माझा नव्हता.

त्यानंतर वर्गात काही हरवले की मी आधी माझा ड्रॉवर, पर्स आणि हजेरीपट पाहते. मुलाशी बोलायचे तर एकट्याला बाजूला घेऊन बोलते. दप्तराला हात लावत नाही. आमच्या गटासाठी मी एक कथाही लिहायला घेतली आहे. तिच्यात चोर नाही. फक्त एक शिक्षिका आहे, आणि तिला तपास स्वतःपासून सुरू करायचा आहे.