बरबेकु, कोडबेकु

माझे अब्बा पिंजारी होते. सोलापूरहून गाडीने निघायचे, होटगी मागे टाकून भीमेपलीकडच्या गावांत उतरायचे आणि घरोघरच्या गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचे. कधी दोन दिवसांनी परत यायचे, कधी आठ दिवसांनी. त्यांच्या केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू अडकलेले असत. अम्मी ते झटकत म्हणायची, "आज भी बुढ्ढे हो को आए!"

तीन वर्षांपूर्वी त्यांचा इंतकाल झाला. जनाजाच्या वेळी रिवाजाप्रमाणे माझ्या धाकट्या भावाने उभे राहून सांगितले, "मरहूमांकडे कुणाचे काही देणे असेल तर आम्हाला सांगा, आम्ही ते फेडू." कुणी काही बोलले नाही. मोहल्ल्यात अब्बांनी कधी उधारी ठेवलीच नव्हती. आम्हाला वाटले, हिशेब मिटला.

चाळिसाव्यानंतर अम्मीने त्यांची पेटी उघडली. पिंजणीची जुनी तात, जपमाळ, चष्मा आणि लाल कापडात गुंडाळलेली एक वही. वही उघडली आणि आम्ही तिघे भावंडे एकमेकांकडे बघत राहिलो. सगळी वही कन्नडमध्ये होती. आकडेसुद्धा.

अब्बांचा जन्म इंडी तालुक्यातला. चौथीपर्यंतची शाळा तिथेच, कन्नड माध्यमात झाली. लिहिता येणारी त्यांची ती एकच भाषा. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत उर्दू आणि मराठी शिकलो. लहानपणी मी एकदा हट्ट धरला होता, "अब्बा, मेरे कू कन्नड सिखाओ." ते हसून म्हणाले होते, "तू क्या करेगी सीख को? उर्दू-मराठी पढ, मास्तरीन हो जा." मी खरोखरच मास्तरीण झाले. बी.एड. केले. आता वीस वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. पण बापाच्या हातचे एक अक्षर मला वाचता येत नव्हते.

भाऊ म्हणाला, "आपा, कुणाकडून तरी वाचून घेऊ." सोलापुरात कन्नड वाचणाऱ्यांची काय कमी? अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या भागांत तर कन्नड शाळा आहेत. पण अम्मी अडून बसली. "लोगां का लेन-देन है. किसका नाम है, किसका नईं, पराये के हात में नक्को." तिचे म्हणणे खरे होते. कुणी किती उधार घेतले हे गावभर करायची गोष्ट नाही. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मास्तरीन है ना? सीख."

आमच्या गल्लीत कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांनी मला बालभारतीचे पहिलीचे कन्नड पुस्तक दिले. आपली बालभारती मराठी आणि उर्दूप्रमाणेच कन्नडची पुस्तकेही काढते, हे मला शिक्षिका असून ठाऊक नव्हते. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पाटी घेऊन अक्कांच्या ओट्यावर बसू लागले. अस्र आणि मगरिबच्या मधला तास.

पहिल्या दिवशी भीती वाटली. जिलेब्यांचे ताट पुढे ठेवावे तशी ती गोल गोल अक्षरे. पण अक्का म्हणाल्या, "क ख ग घ म्हणा. तुमचीच बाराखडी आहे, कपडे फक्त वेगळे." आणि खरेच, क्रम तोच. दोन-तीन स्वर जास्त, कारण कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना जो 'ळ' जड जातो, तो इथे आपल्या घरच्यासारखा वावरत होता. अब्बांना मराठीतला 'ळ' इतका स्वच्छ कसा यायचा, ते मला त्या दिवशी समजले. बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर एक लहानशी खूण असते, तिला तलकट्टु म्हणतात. तल म्हणजे डोके आणि कट्टु म्हणजे बांधणे. मी म्हटले, "अक्का, ही अक्षरे तर आमच्यासारखी रुमाल बांधून निघालीत!" अक्का बराच वेळ हसत होत्या.

शब्द शिकताना तर ओळखीची माणसे भेटावीत तसे झाले. तुप्प म्हणजे आपले तूप. गुंडी म्हणजे गुंडीच. अक्का आणि अण्णा तर दोन्ही घरांत राहतात. आणखी एक गोष्ट मनात घर करून राहिली. मराठीत आपण 'मला कन्नड येते' म्हणतो, उर्दूत 'मुझे कन्नड आती है' आणि कन्नडमध्येही भाषा 'येते'च. तिन्ही भाषांत भाषा ही मेहमानासारखी आहे. ती आपल्याकडे येते. आपण दार उघडे ठेवायचे.

सात महिन्यांनी मी वहीला हात लावला. छापील अक्षर वाचणे वेगळे आणि चौथी शिकलेल्या माणसाचे घाईतले अक्षर वाचणे वेगळे. कन्नडचा एक म्हणजे पूर्ण न मिटलेले शून्य. त्यामुळे दहा वाचावेत की अकरा, यावर एकेक संध्याकाळ जायची. पण वहीची मांडणी हळूहळू उलगडली. प्रत्येक पानावर दोन रकाने होते. डावीकडे 'बरबेकु', म्हणजे यायला हवे. उजवीकडे 'कोडबेकु', म्हणजे द्यायला हवे. आपण येणे आणि देणे म्हणतो, तेच.

कुरआनमधली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. सूरह बकराची. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. अब्बा आलिम नव्हते, पण ती आयत त्यांनी पाळली होती. आठ आण्यांच्या उधारीचीसुद्धा नोंद होती.

'बरबेकु'च्या बाजूला बरीच नावे होती. कुणाचे पन्नास, कुणाचे दोनशे. भावाने बेरीज केली, तर तीन हजारांच्या वर गेली. अम्मीने एका वाक्यात निकाल लावला. "वो सब छोड दो. तुमारे अब्बा के नाम का सदका समजो." 'कोडबेकु'च्या बाजूला बहुतेक नोंदींवर आडवी रेघ होती, म्हणजे देणे फिटलेले. फक्त शेवटच्या पानावर एक नोंद तशीच होती. मी अक्षर अक्षर जुळवून वाचले, "हुणसी मर... अज्जी... हत्ती... दोन किलो."

भाऊ ओरडला, "दोन किलोचा हत्ती? आपा, नीट वाच!" मी पुन्हा वाचले. हत्तीच होता. कित्येक महिन्यांनी त्या घरात हसण्याचा आवाज झाला. अम्मीसुद्धा पदराआड हसली. वही झाकून फक्त तो एक शब्द मी कागदावर लिहून अक्कांकडे नेला. त्या म्हणाल्या, "अहो, हत्ती म्हणजे कापूस! तुमचा हत्ती तो आमचा आने."

मग हसू थांबले. हुणसी मर म्हणजे चिंचेचे झाड. चिंचेच्या झाडाजवळ राहणाऱ्या अज्जीचा दोन किलो कापूस अब्बांकडे होता. पिंजायला दिलेला असेल, तेवढ्यात त्यांनी अंथरूण धरले. हे उसने नव्हते, अमानत होती. प्रेषित (स.) जनाजाची नमाज पढवण्याआधी मरहूमावर कर्ज आहे का, हे विचारीत असत. आम्हीही विचारले होते. पण ज्या अज्जीचे देणे होते, ती जनाजाला येणारच कुठून? आणि आम्ही विचारले होते उर्दूत.

दोन किलो चांगला कापूस घेतला, मशीनवर पिंजून घेतला आणि एका रविवारी मी आणि भाऊ विजयपूरच्या गाडीत बसलो. याच गाडीने मी नऊ-दहा वर्षांची असताना अब्बांबरोबर एकदा गेले होते. घरात अब्बा फार कमी बोलायचे. पण भीमेचा पूल ओलांडला, डब्यात गावची माणसे भरली आणि अब्बा कन्नड बोलू लागले तसे ते कुणी वेगळेच झाले. हातवारे करीत गोष्ट सांगत होते, सगळा डबा हसत होता. मी खिडकीशी बसून नुसती बघत होते. विनोद कळत नव्हता. माझे अब्बा इतके मजेशीर आहेत, हे त्या डब्यातल्या परक्या माणसांना ठाऊक होते आणि मला नव्हते. त्याचा तेव्हा रागही आला होता.

आता त्याच वाटेवर बाजूच्या दोन बायका सुनेविषयी बोलत होत्या. मला चार शब्दांतला एक कळत होता. तरी कान टवकारून बसले होते.

इंडी रोडला उतरून टमटम केली. दोन्ही बाजूंनी लिंबांच्या बागा. अब्बांचे गिऱ्हाईक असलेली गावे भावाला नावाने माहीत होती. पहिल्या गावात चिंचेची झाडे तीन आणि अज्ज्या भरपूर निघाल्या. दुसऱ्या गावात मात्र "पिंजारी" म्हणताच एका मुलाने थेट घर दाखवले.

अज्जी ओसरीवर ज्वारी निवडत होती. ऐंशीच्या पुढची असावी. "बर्रि, कुंदर्रि," म्हणाली. कोण, कुठून, हे विचारण्याआधी पाण्याचा तांब्या पुढे आला. मी पाठ करून आणलेली वाक्ये ऐन वेळी विसरले. वही उघडून नोंद वाचून दाखवली आणि कापसाचे गाठोडे पुढे ठेवले. तिने ते हातात तोलले आणि परत ढकलले. "ब्याड." नको. तिच्या बोलण्यातून आणि टमटमवाल्याच्या मदतीने इतके कळले, की तो कापूस तिच्या मालकांच्या उशीसाठी होता. तेही त्यानंतर गेले. आता उशी कुणासाठी?

आम्ही हिरमुसलो. माफ केले, एवढे तरी तिने म्हणावे असे वाटत होते. पण 'माफ'ला कन्नडमध्ये काय म्हणतात, हे मी शिकलेच नव्हते. शेवटी तोंडातून निघाले, "अब्बा तीरकोंडरु. साल उळिबारदु." अब्बा गेले, कर्ज राहू नये. साल म्हणजे कर्ज. हा शब्दही आधी मी वर्ष म्हणून वाचला होता.

अज्जी गप्प झाली. मग तिने गाठोडे उचलून मांडीवर घेतले. हळूहळू, मला कळावे म्हणून तोडून तोडून ती बोलली. मी घेतले नाही, तर तुझा बाप तिकडे अडकून राहील, होय ना? मग घेते. तिने ज्वारीच्या सुपातले हात झटकले आणि अंगणातल्या चिंचेखालचा दगडी कट्टा दाखवला. तुझा बाप दुपारी तिथे नमाज पढायचा. हात-पाय धुवायला मी पाणी ठेवायची. त्या वेळी पोरांना तिकडे फिरकू द्यायची नाही.

पुढचे तिचे बोलणे मला ऐकू आले नाही.

"ऊटा माडि होगु," जेवून जा, असे म्हणून तिने भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगांची चटणी वाढली. निघताना ओटीत दहा-बारा लिंबे घातली. आमची जोहरची वेळ होती. भावाने त्याच कट्ट्यावर नमाज पढली. मी अज्जीने दिलेल्या खोलीत पढले. निघताना मी "होगि बर्तेनि" म्हटले. जाऊन येते. आपण मराठीतही 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. दखनीत अम्मी 'जाको आती' म्हणते. कन्नडमध्येही जाणारा परत येण्याचे सांगूनच निघतो.

आता माझ्या वर्गात कुणी "कन्नड तो उनकी जबान है" म्हटले, की मी थांबवते. त्यांना शिशुनाळ शरीफ सांगते. 1819 साली जन्मलेले मुसलमान संतकवी, गोविंद भट्टांचे शिष्य. त्यांची पदे आजही कर्नाटकात घरोघर गायली जातात. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक असलेले के. एस. निसार अहमद सांगते, ज्यांचे 'नित्योत्सव' कन्नड मुलांना पाठ असते. हासनच्या बानू मुश्ताक सांगते. दखनी बोलणाऱ्या घरातली ही मुलगी आठव्या वर्षी कन्नड शाळेत गेली आणि 2025 मध्ये तिच्या कन्नड कथांच्या 'हार्ट लॅम्प' या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. आणि सूरह रूमची आठवण करून देते, जिथे तुमच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांमध्ये मोजले आहे. निशाणी आपली आणि परकी अशी वाटून घ्यायची नसते. ती वाचायची असते.

बहिणींनो, एक विनंती. तुमच्याही घरात कुणा म्हाताऱ्या माणसाकडे अशी एखादी भाषा असेल, कन्नड, तेलुगू, कोकणी. तिच्यात त्यांचे हसणे असेल, हिशेबही असेल. ते आहेत तोवर चार शब्द विचारून घ्या. मी वीस वर्षे शिकवत राहिले आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाकडून शिकायचे राहून गेले.

त्या रात्री घरी आल्यावर लिंबे अम्मीच्या हातात दिली. वही काढली. शेवटच्या नोंदीवर अब्बांसारखी आडवी रेघ मारली आणि पुढे कन्नडमध्ये एक शब्द लिहिला, "कोट्टिदे." दिले आहे. दुसऱ्या दिवशी बाकीचे पान झाकून तेवढा एक शब्द अक्कांना दाखवला. त्या म्हणाल्या, "अक्षर वाकडे आलेय, पण बरोबर आहे."

पाटी घेऊन मी अजून त्यांच्या ओट्यावर जाते. आता दुसरीचे पुस्तक चालू आहे.