उचल

ऊसतोडीत पाऊल टाकलं की पहिला शब्द कानावर पडतो तो उचल. मुकादम साक्रीकडच्या गावांत येतो, कोयत्यामागं आगाऊ पैसे मोजतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ते पैसे फिटेस्तोवर जोडी बारडोलीच्या फडात अडकलेली. आई-वडील बहात्तरच्या दुष्काळानंतर असेच इकडं आले. पुढं वडिलांना उधन्यात मागावर काम लागलं आणि आम्ही सुरतेचे झालो.

त्या हंगामांचा आमच्या घरात एकही फोटो नाही. म्हणून यान ब्रेमन आणि अरविंद दास यांचं ‘डाउन अँड आउट’ मी जपून ठेवलंय. २००० सालचं हे पुस्तक. त्यात रवी अग्रवाल यांनी टिपलेले दक्षिण गुजरातचे मजूर आहेत. आमचीच माणसं, पण आमच्या नंतरची.

परवा आईला डोरोथिया लँगचा एक जुना फोटो दाखवला. १९३६, कॅलिफोर्निया. मंदीचे दिवस, गारठ्यानं वाटाण्याचं पीक गेलेलं. गालाशी हात नेलेली आई, तिच्या खांद्यांआड तोंड लपवलेली दोन पोरं, मांडीवर तान्हं. आईनं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “तिनं नाव काय शे?”

लँगनं नाव विचारलंच नव्हतं. फ्लोरेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं १९७८ साली. फोटो छापून आल्यावर सरकारनं तिथल्या मजुरांच्या तळावर धान्य धाडलं, तोवर हिचं बिऱ्हाड पुढं गेलेलं. मला वाटतं, फोटो हीसुद्धा उचलच आहे. फरक एवढाच, की इथं घेणारा कॅमेरावाला असतो आणि फेडायचंही त्यानंच असतं. लँगच्या फोटोनं इतरांची पोटं भरली, हे मी कमी मानत नाही. पण जिच्याकडून घेतलं, तिचं देणं राहिलंच.

आई मग एकदम म्हणाली, “आमच्या फडावर पण आला होता एक. मी मोळी खाली टाकली, पोराचं नाक पुसलं, पदर नीट घ्यायला लागले. तर म्हणाला, राहू द्या, तसंच राहू द्या.”

“मग?”

“मग काय, सोडला पदर.” थोडं थांबून म्हणाली, “कुठंतरी असेल ना रे तो फोटो?”

सालं जुळत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी पुस्तक काढलं, तिचा चष्मा आणून दिला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.