बाळहिरड्याचे दिवस

12 एप्रिल 2025, घोडेगाव
अंगणभर बाळहिरडा वाळत घातलाय. सुट्टीतल्या शिबिरासाठी हिरड्यावर टिपण लिहायचंय. सुचत नाही.

13 एप्रिल
गार्सिया द ओर्ता सापडला. पोर्तुगीज वैद्य, 1534 मध्ये गोव्यात आला. 1563 मध्ये तिथंच छापलेल्या त्याच्या पुस्तकात हिरड्यावर अख्खं प्रकरण. बुऱ्हाण निजामशहालाही त्यानं औषधं दिली. बुऱ्हाणच्या बापानं निजामशाही उभी केली ती शेजारच्या जुन्नरातून. म्हणजे आपल्याच अंगणातला माणूस.

15 एप्रिल
ओर्ताचे आईबाप स्पेनमधले ज्यू. 1492 ला हाकलले गेले, पोर्तुगालात आले. 1497 ला तिथं सक्तीचा बाप्तिस्मा. ओर्ता वरून कॅथलिक, आतून ज्यू. 1568 ला गोव्यात वारला. पुढच्या वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, बहीण कातारिनाला जाळलं. 1580 ला त्याची हाडं उकरून तीही जाळली. मरून बारा वर्षं झालेल्या माणसाची!
जेवण गेलं नाही.

16 एप्रिल
आपल्या कोकणातले ज्यू म्हणजे शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवत, कुणी छळलं नाही. फुशारकी मारायचा मोह होतो. आवरला.

18 एप्रिल
गुड फ्रायडे. पुण्याच्या ओळखीच्या फादरांना ओर्ताबद्दल विचारायला फोन करणार होतो. आज नको. याच दिवशीच्या प्रार्थनेत ज्यूंना दूषण असे. पोप तेविसाव्या जॉननं 1959 ला ते काढलं.

21 एप्रिल
पोप फ्रान्सिस गेले. फोन पुन्हा राहिला. सांत्वन करायचं की जाब विचारायचा?

24 एप्रिल
व्यापारी म्हणतो भाव पडला. दरवर्षी पडतो.

29 एप्रिल
फादर स्वतःच आले, आहुप्याला जाता जाता. हाडांचं विचारलं. त्यांनी 'नोस्त्रा एताते' या चर्चच्या 1965 च्या घोषणापत्राचं सांगितलं: ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंच्या माथी मारता येत नाही. मग 2000 मध्ये दुसऱ्या जॉन पॉलनी मागितलेली क्षमा.
"गोव्याचं नाव होतं त्यात?"
"नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाले, "आम्हाला सेमिनरीत ओर्ता कुणी शिकवला नाही, गुरुजी. टिपण मलाही पाठवा."
राग धरायला माणूस समोर हवा तसा नव्हता.

30 एप्रिल
ही म्हणते, पोरांना हाडांचं कशाला? हिरड्याचं सांगा. दोन्ही लिहिलं.

3 मे
शिबीर. एका पोरीनं विचारलं, "तो ज्यू आहे हे त्यांना कळलं कसं?"
"घरच्यांना धरून चौकशा केल्या."
"म्हणजे बहिणीकडून?"
हो म्हणालो. मग हिरडा उगाळून दाखवला.